गढूळ पाण्यातले फोटो

आमच्या जुन्या लॅबमधली मंडळी छावणीतल्या टपरीवर चहाला जमली की प्रबंधातलं एक वाक्य कुणाला आठवत नाही. साळवेमामांचे टोले मात्र सगळ्यांना पाठ! एकानं किस्सा काढला की दुसऱ्याच्या ओठावर पुढचा तयार.

काम काय, तर गढूळ पाण्यात लेझर सोडून तळातल्या वस्तूचा फोटो काढायचा. जाधव सर गाइड, साळवेमामा लॅब असिस्टंट आणि मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आता मी बजाजनगरात राहते, कंपनीत कॅमेरे तपासते. पण तशी मजा नाय!

*

टाकीतलं पाणी मोजून गढूळ करायला आम्ही दूध घालायचो. मामा गारखेड्याहून येताना आणायचे. एकदा मे महिन्यात शनिवारी टाकी तशीच ठेवून आम्ही घरी गेलो. सोमवारी अख्खा मजला नाक धरून बाहेर! विभागप्रमुख कडाडले, "जाधव, हे फिजिक्स आहे का डेअरी?"

मामा टाकीत डोकावले. "साहेब, शनिवारपर्यंत फिजिक्स व्हतं. आता पनीर झालंय!"

*

नळाला पाणी नव्हतं म्हणून टाकीसाठी टँकर मागवला. पाइप लावता लावता ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, एवढ्या पाण्याचं करता काय?"

"गढूळ करतो."

तो थांबलाच. "पहले बोलना था ना! तसलं तर आपल्याकडं तयार असतंय!"

*

लेझरचा उजेड गाळाच्या कणांवरून आधी परत येतो, वस्तूवरून जरा उशिरा. कॅमेरा नेमका तेव्हाच उघडायचा. सरांनी तासभर फळा भरला, मला काही उमजेना.

मामा कप गोळा करत म्हणाले, "ताई, आधी बोंबलतेत ते मधले लोक. त्यांचं ऐकायचं नाय. आपलं माणूस मागून बोलतं, तवा कान उघडायचा!"

सरांनी खडू खाली ठेवला. पुढच्या वर्षीपासून वर्गात तेच सांगायला लागले, "साळव्यांच्या मते..."

*

खरी चाचणी मामांच्या थोरल्या बहिणीच्या, शांताक्कांच्या शेतात झाली. कधीच न आटणारी विहीर, पावसानं लाल झालेली. काठाजवळ बाजेवर अक्कांच्या नव्वदीच्या सासूबाई बसलेल्या.

कॅमेरा खाली सोडला. साध्या उजेडात स्क्रीनवर नुसता चहा! मग लेझर लावला, कॅमेऱ्याची वेळ हळूहळू पुढं सरकवली आणि कपारीत आडवी पडलेली कळशी दिसली. गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव.

"अक्का, 'शांता' लिहिलंय!" मी ओरडलेच.

अक्कांनी स्क्रीनवरच्या नावावरून बोट फिरवलं. मामा हळूच मला म्हणाले, "आईनं लग्नात दिली व्हती. वर्षभरात गायब झाली. 'सुनेनं गुपचूप माहेरी पोचवली' म्हणून सासूनं भावकीत सांगितलं. आमची आई मरेपर्यंत या घरी आली नाय."

अक्कांनी डोळे पुसले, वायरीसकट लॅपटॉप उचलला आणि बाजेपाशी नेऊन धरला. "आत्याबाई, बघा."

सासूबाई स्क्रीनजवळ वाकल्या. मग पदरानं स्क्रीन पुसला आणि म्हणाल्या,

"पाणी लई गढूळ व्हतं गं."