बंद डिस्कचे चालू तास

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचून मला वेडी ठरवायची की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. सोमाटणे फाट्याजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वर्षं एकटी चालवते. दाराला लिंबू-मिरची नाही, काउंटरवर कुठल्या बाबाचा फोटो नाही. सासूबाई म्हणतात अमावास्येला नवीन काम घेऊ नकोस, तर मी मुद्दाम घेते. इथे ग्रुपवर लोक घाटातली पांढरी साडी, विहिरीवरची बाई असलं काहीबाही लिहितात... ते मी दुपारचा डबा खाताना वाचते आणि मजेत पोळी संपवते. आता माझं तुम्ही वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं तांत्रिक. हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते. आयुष्यात एकूण किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, आतल्या किती जागा वाचता येईनाशा झाल्या, सगळं. ते वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर असतात. निळा रंग आला तर डिस्क ठीक, पिवळा आला तर जपून, लाल आला तर ताबडतोब जे मिळेल ते काढून घ्या, कारण ती जाणार. माझा या सॉफ्टवेअरवर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास आहे. माणसं खोटं बोलतात — "मॅडम, काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला" — आकडे खोटं बोलत नाहीत.

म्हणून माझी एक सवय आहे. डिस्क आली की पहिल्यांदा आकडे बघायचे, स्टिकरवर तारखेसकट लिहायचे आणि स्टिकर डिस्कवर डकवायचा. नंतर कुणी "तुमच्याकडे येऊन बिघडली" म्हणायला नको.

तर एका सोमवारी दुपारी हिराबाई मावशी आल्या. तिकोणा पेठेच्या. साठीच्या, सडपातळ, दोन जीप बदलून आलेल्या. पिशवीतून त्यांनी लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मला वाटलं देवाचा टाक असेल. फडकं सोडलं तर आत हार्डडिस्क, हळदीकुंकवाने माखलेली.

"ह्यात माजा सागर हाय," त्या म्हणाल्या.

सागर त्यांचा एकुलता एक मुलगा. तिकोण्यावर येणाऱ्या लोकांना गड दाखवायचा, कॅम्पिंगवाल्यांकडे पण काम करायचा. दोन वर्षांपूर्वी कामशेतच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली, तो जागीच गेला. फोनचा चुरा झाला. घरचा कॉम्प्युटर त्याच आठवड्यात जळाला, तेव्हा कुणीतरी त्यातली ही डिस्क काढून मावशींच्या हातात दिली आणि सांगितलं, तुमच्या पोराचं सगळं यात आहे. मावशींनी ती देव्हाऱ्यात ठेवली.

"फोटू हायेत माज्याकडं. लय हायेत. आवाज न्हाई. गडाची माहिती सांगायचा नव्हं, तेचं व्हिडिव केलं हुतं त्येनं. तेवडा आवाज काडून द्या, ताई. मला आता आटवंना झालाय त्येचा आवाज."

मी मात्र कुंकवाकडे बघत होते. हार्डडिस्कला एक बारीक भोक असतं, हवेसाठी. शेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे झाकू नका. मावशींनी रोज नेमकं त्याच भोकावर बोट टेकवलं होतं. सपाट डब्यावर गोल जागा तेवढी एकच, आणि कुंकू लावायला जागा तर हवी. दोन वर्षांचं कुंकू थरावर थर बसून वाळलं होतं. मी चिडले. म्हटलं, मावशी, ही काय खंडेनवमीची कुदळ आहे का रोज पुजायला? त्या ओशाळल्या. "चुकलं," म्हणाल्या. मलाच कसंतरी झालं.

कुंकू साफ करून डिस्क जोडली. पिवळा रंग. एकूण तास ६३४०, सुरू झाल्याची संख्या १९१२, खराब जागा आठ. ठीक आहे, जपून केलं तर सगळं मिळेल असं मी सांगितलं, आकडे स्टिकरवर लिहिले आणि डिस्क कपाटात ठेवली. त्या आठवड्यात एका शाळेची कॉम्प्युटर लॅब माझ्या डोक्यावर होती. पिवळी डिस्क न जोडता चार दिवस थांबू शकते. कुणीही जाणकार हेच म्हणेल.

शुक्रवारी काढली, जोडली. माझं आजचं जोडणं धरून संख्या १९१३ हवी होती. १९१७ होती. तास ६३४४. खराब जागा आठवरून चोवीस.

मी पहिल्यांदा स्वतःच्याच अक्षराला नावं ठेवली. मग सोमवारी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट बघितला, आकडे बरोबर होते. केबल बदलली, दुसऱ्या मशीनला लावली, दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. तेच. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. म्हणजे कपाटात, वायर न लावता, ही बया चार वेळा सुरू झाली आणि दर वेळी तासभर चालली? मी म्हटलं नोंदीतच घोळ असणार, आणि कॉपी सुरू केली.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कॉपी तुटली. टिक टिक असा आवाज आला आणि डिस्क स्क्रीनवरून गायब. शनिवारी सकाळी पुन्हा लावली, सातची वेळ टाळायला सहालाच काढून घेतली, कपाटात टाकली, कुलूप लावलं. रविवारी खास दुकान उघडून बघितलं तर माझं जोडणं सोडून सुरू झाल्याची संख्या पुन्हा एकने जास्त, तास एकने जास्त, खराब जागा शंभराच्या वर... आणि रंग लाल. अजून निम्मीही कॉपी झाली नव्हती. व्हिडिओचा फोल्डर उरलेल्या भागात होता.

मग मी एक केलं, जे मी कुणासमोरही केलं नसतं. संध्याकाळी सातला डिस्क हातात घेऊन बसले. वायर नाही, डिस्क बसवायचा डॉक नाही, नुसती तळहातावर. बाहेर फाट्यावर नेहमीची गर्दी, वडापाववाल्याचं तेल तापलेलं, समोरच्या मेडिकलमध्ये उजेड. भीतीबीती वाटावी असं काही नव्हतं.

सात वाजून गेले आणि डिस्क फिरायला लागली.

मोटर सुरू होताना हाताला जो हलका हिसका बसतो तो मला झोपेत पण ओळखू येईल. तो बसला. मग बारीक थरथर, आणि हळूहळू धातू कोमट. टाकून द्यावी तर आपटून मरेल, म्हणून तशीच धरून बसले. खरं सांगते, मला रडू आलं.

दुसऱ्या हाताने मावशींना फोन लावला. का, ते आजही सांगता येणार नाही. कुणावर तरी ओरडायचं होतं बहुतेक. बराच वेळ रिंग वाजली.

"थांब रं जरा, फोन आलाय," पलीकडून मावशींचा आवाज आला, माझ्याशी नव्हे. आणि माझ्या हातातली डिस्क थांबली.

"हां ताई, बोला."

"मावशी, कुणाशी बोलत होतात?"

"सागऱ्याशी. दिवा लावला की बसते मी तासभर. आज भात कुटला, कुनाकडं बारसं झालं, सगळं सांगते त्याला. तो गेल्यापास्नं एक दिस चुकला न्हाई."

"पण डिस्क तर माझ्याकडे आहे..."

"डबा तुमच्याकडं हाय. जागा हाय की हितं देवाजवळ."

मी त्यांना सगळं सांगितलं. आकडे, तास, तळहात. मला वाटलं त्या घाबरतील, निदान गप्प होतील. त्या अगदी सहज म्हणाल्या, "व्हय, म्हाईत हाय मला. तो ऐकतो."

आता माझ्यातली रिपेअरवाली जागी झाली. वाचकहो, इथे मी जे केलं ते सरळ लिहिते. मी म्हटलं, मावशी, ते काय आहे मला कळत नाही, पण तुम्ही बोलायला बसलात की डिस्क सुरू होते, आणि प्रत्येक सुरू होण्याबरोबर तिच्या आतल्या जागा मरतायत. रंग लाल झालाय. असंच चाललं तर दोन-तीन दिवसांत ती जाईल आणि आवाज कायमचा जाईल. मी कॉपी पूर्ण करेपर्यंत बोलू नका.

"किती दिस?"

"तीन धरा."

त्यांनी विचारलं, "मग त्याला काय सांगू? आज सांगते, की उद्यापास्नं तीन दिस..."

"नका सांगू. आता एक शब्द नका बोलू." मी जवळजवळ खेकसलेच. "मावशी, तो लोखंडाचा डबा आहे हो. त्याला कशाला सांगायला पाहिजे?"

हे मी बोलले. हातात न जोडलेली, अजून कोमट असलेली डिस्क धरून बोलले.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनता तर."

त्यांनी शब्द पाळला. सोमवारी माझं जोडणं सोडून आकडा हलला नाही. मंगळवारी नाही. खराब जागा होत्या तेवढ्याच राहिल्या. डिस्क इतकी शहाण्यासारखी चालली की मला वाटलं सुटले. बुधवारी दुपारी सगळी कॉपी झाली आणि अकरा व्हिडिओ मिळाले.

गुरुवारी मावशी आल्या. मी व्हिडिओ लावला. चोवीस-पंचवीस वर्षांचा काटक मुलगा, मागे पवनेचं पाणी. "ही गडावरची टाकी बगा, ह्यात बाटल्या टाकू नका, आमी हेच पानी पितो." मग कुणीतरी काहीतरी बोलतं आणि तो हसतो. मावशींनी कान स्पीकरला लावला होता, स्क्रीनकडे बघतही नव्हत्या. अकराच्या अकरा ऐकले. मग माझ्या गालावरून हात फिरवला. मी सगळं पेनड्राइव्हवर आणि त्यांच्या फोनमध्ये भरून दिलं, डिस्कही परत दिली. भोक झाकू नका एवढं बजावलं. त्या दिवशी मी फार खुशीत घरी गेले. नवऱ्याला म्हटलं, आज खरं काम केलं.

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. तेच लाल फडकं. या वेळी कुंकू बाजूला लावलेलं, भोक मोकळं. त्या वाळल्या होत्या.

"ताई, त्ये आकडं बगा की."

"आता कशाला, मावशी? आवाज मिळाला ना?"

"आवाज हाय. रोज ऐकते. बगा तरी."

मी जोडली. गुरुवारी परत देताना स्टिकरवर शेवटचे आकडे लिहिले होते. तास तेवढेच. सुरू झाल्याची संख्या एकने जास्त, आणि ते एक माझं आत्ताचं. खराब जागा एकही वाढलेली नाही.

"तुम्ही बसता ना रोज?" मी विचारलं.

"घरी गेल्या दिसापास्नं. दिवा लावते, समदं सांगते. पर आदी कसं, बोलताना कळायचं मला... आता भिताडाशी बोलल्यावानी वाटतंय." त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "वाडलं का न्हाई?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांना इंग्रजी आकडे येत नाहीत. पण डिस्कबद्दल मी कुणाशी कधी खोटं बोललेले नाही, आणि का कोण जाणे, या बाईशी तर जीभच वळेना. म्हटलं, नाही वाढलं, मावशी.

त्यांनी मान हलवली. डिस्क फडक्यात गुंडाळली, गाठ मारली. आणि कुणालाच दोष न देता म्हणाल्या, "तीन दिस गप बसले ना मी. त्याला वाटलं आसंल, आई बी गेली."

त्या जीपसाठी फाट्याकडे गेल्या.

दोन-तीन जाणकार मित्रांना हे विचारलं. एक म्हणाला नोंदीच्या प्रोग्राममधली चूक, एक म्हणाला डिस्कच्या सर्किटमध्ये चार्ज राहिला असेल. तळहातावर फिरलेल्या मोटरबद्दल विचारलं की दोघंही मला झोप पूर्ण घ्यायला सांगतात. मीही त्यांच्या जागी तेच सांगितलं असतं. उत्तर शोधायची आता माझी हिंमत नाही. कारण उत्तर काहीही असो, दोन वर्षं रोज संध्याकाळी त्या बाईचं कुणीतरी ऐकत होतं. आणि तीन दिवस गप्प राहणार एवढा निरोपसुद्धा मी तिला त्याला सांगू दिला नाही.