प्रांतसाहेबांपुढचं गाऱ्हाणं

अख्ख्या कोकणपट्टीत माझ्या सख्ख्या मामांइतका वाईट नट झाला नाही, आणि पुढे कोणी होऊ पाहील तर जनतेने वेळीच उठून त्याचा निषेध केला पाहिजे! हे मी जाहीरपणे म्हणतो, कारण भाचा म्हणून मी ते सोसलेलं आहे. जत्रेच्या नाटकात एकदा त्यांना बाण लागून मरणाऱ्या शिपायाचं काम दिलं. तोंडी एक वाक्य नाही. मामा आधी उजव्या अंगाला मेले, मग डाव्या अंगाला मेले, मध्येच उठून त्यांनी पाणी मागितलं, आईला हाक मारली, शत्रूला क्षमा केली. शेवटी सिंहासनावरचा राजाच ओरडला, "मर रे एकदाचो! माका बसल्या जाग्यार झोप येता!"

नाटकापुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण हा मनुष्य चोवीस तास नाटकात! पायात काटा रुतला तर मामींना बोलावून "माझ्यामागे गाय विकू नको" म्हणून सांगणार. चहा गरम लागला तर आभाळाकडे बघणार. बाजारात बांगड्याचा भाव ऐकला की छातीला हात लावून मागे झोकांडी, ती नेमकी कोणाच्या तरी अंगावर. मासेवाली एकदा वैतागून म्हणाली, "मामानू, गेल्या बाजाराक मेलात, त्याच्या आदल्या बाजाराक मेलात. आज वायच बाजूक जावन मरा, माझी गिरायकां खोळांबली!" मामा खरंच बाजूला गेले, आणि तिथे मेले.

अशा माणसावर माझी लढाई सोपवायची वेळ आली, यासारखा संताप दुसरा नाही. आमचं गाव खाडीच्या ह्या काठाला, दवाखाना त्या काठाला, आणि आषाढ लागला की तरीची होडी बंद. म्हणजे पावसाळाभर आमच्या बायांनी बाळंत होऊ नये, असा सरकारचा हुकूम समजायचा काय? आदल्या वर्षी एक बाई ह्याच काठावर, होडीची वाट बघता बघता गेली. यंदा मामांची एकुलती एक लेक सुलू पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली, बाळंतपणाचे दिवस श्रावणातले. पावसाळ्यात गावात सरकारी नर्स बसवा, एवढीच आमची मागणी. मी वेंगुर्ल्याहून पत्रकं छापून आणली, वर ठळक अक्षरांत 'भीक नको, हक्क हवा!' वाड्यावाड्यांवर सभा घेतल्या. आणि ज्या दिवशी आमचं निवेदन घ्यायला प्रांतसाहेब शाळेत येणार होते, त्या सकाळी माझ्या घशातून नुसती हवा!

गावकरी म्हणाले, मोठा आवाज मामांचा, निवेदन तेच वाचतील. मी कुजबुजत त्यांना तालीम दिली. "मामा, हात हलवायचे नाहीत. रडायचं नाही. वर बघायचं नाही."

"रे, मगे बोलू कशान?" मामांनी विचारलं.

साहेब आले, टेबलाशी बसले. आणि कोणा शहाण्याने मान म्हणून त्यांच्यापुढे नारळ ठेवला. संपलं! आमच्याकडे नारळ पुढ्यात ठेवला की देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि गावाचं गाऱ्हाणं घालणारे मामाच. निवेदनाचा कागद त्यांनी खिशात घातला, हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला. साहेबांचा पट्टेवालासुद्धा!

"आषाढ लागलो की तर बंद, आणि आमच्या चेडवांक वाली नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी उठून ओरडत होतो, की हा देव नव्हे, जनतेचा नोकर आहे! ऐकू कोणालाच जात नव्हतं. साहेब भांबावून उभे राहिले होते, आणि मी डोळ्यांनी पाहिलं, टेबलाखाली त्यांनी बूट काढले.

"ह्या काठार एक नर्सबाई बसय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुढचं वाक्य मामांना जमेना. मग अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "माझा चेडू, सुलू, सातव्या म्हयन्यात आसा. तेका सांभाळ."

ह्याला 'व्हय' कोणी म्हटलं नाही. साहेबांनी खाली बघून विचारलं, "नर्स कधीपासून हवी?"

आठ दिवस मी मामांशी बोललो नाही. नवव्या दिवशी मात्र सुनावलं, की तुम्ही आमचा हक्क देवळात नेऊन ठेवलात. मामा ओशाळून म्हणाले, "माका कळता रे. पण नारळ बघलंय, नि तोंड आपसूक सुटला."

आषाढाच्या आधी शेवटच्या होडीतून नर्सबाई उतरल्या, हातात पत्र्याची ट्रंक.

श्रावणात एका दुपारी बातमी कळली आणि मी भिजत मामांकडे गेलो. ते पडवीत एकटेच उभे होते. आता काय काय नाटक बघावं लागणार, म्हणून मी मनाची तयारी केली. मामा म्हणाले, "पोरगी झाली. दोघांय बरी आसत."

पुढे काहीच नाही. त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आतून नर्सबाईंनी गरम पाणी मागितलं, तसे ते लगबगीने चुलीकडे गेले. मी गूळ तोंडात न घालता पडवीतच उभा राहिलो. आत कोणीतरी नव्या गळ्याने रडत होतं, आणि मामा तिला हळूच म्हणत होते, "रड गो बाय, रड. हंयसर कोण काय म्हणूचा नाय."