भाऊंच्या बूथवरची दोन मतं

"येऊ काय आंदर?"

माझ्या फ्लेक्सच्या दुकानाला दार नाही. सकाळी शटर वर गेलं की रस्त्यावरची गायसुद्धा न विचारता आत येते. भाऊ मात्र पायरीशी थांबत, काउंटरच्या फळीवर बोटाने टकटक करत आणि मी "या" म्हणेपर्यंत उन्हात उभे राहत. अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी खाल्लं आहे, त्यांना हा सभ्यपणा केवढ्याला पडतो ते कळेल.

आमच्याकडे असं कोणी करत नाही. वऱ्हाडातला माणूस थेट तुमच्या स्वयंपाकघरात येतो आणि पातेल्यावरचं झाकण उचलून आज काय केलं ते बघतो. भाऊ स्वतःच्या घरातही लोटलेल्या दारावर टकटक करायचे. आतून वहिनी म्हणायच्या, "नाई, नोका येऊ." मग भाऊ खरोखरच ओट्यावर बसून राहायचे. वहिनींनी गमतीने म्हटलंय हे त्यांना कळायचं की नाही, देव जाणे.

भाऊ माझे सख्खे कोणी नव्हेत, सारेच त्यांना भाऊ म्हणत. एसटीतले कंडक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं अमरावती–अकोला गाडीवर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक भजनाला लागले, नातवंडांना शाळेत सोडू लागले. भाऊ एका पक्षात गेले. तो पक्ष इतका लहान, की त्याचं जिल्हा अधिवेशन माझ्या दुकानात भरलं आणि तरीही खुर्च्या उरल्या.

पक्षाचं म्हणणं साधं होतं. सज्ञान माणसाने कोणावर प्रेम करावं, कोणासोबत राहावं, लग्न करावं की करू नये, हे त्याचं त्याने ठरवावं. बागेत बसलेल्या जोडप्यांना पोलिसांनी हुसकावू नये. लॉजवाल्याने लग्नाचा पुरावा मागू नये. दोन पुरुष किंवा दोन बाया जोडीने राहतात म्हणून त्यांना कोणी खोली नाकारू नये. आणि सरकारने कोणाच्या फोनमध्ये, पुस्तकात, अंथरुणात डोकावू नये. गावाने लगेच पक्षाचं बारसं करून टाकलं, 'लफडेवाल्यायची पार्टी'. मला राग यायचा, भाऊंना नाही. "नाव ध्यानात राह्यलं ना बाप्पा लोकायच्या? मंग झालं," एवढंच ते म्हणायचे.

त्यांचा पहिला फ्लेक्स मीच छापला. आमच्या धंद्यात फ्लेक्स म्हणजे वर नेत्यांच्या फोटोंची रांग आणि खाली हात जोडलेला इच्छुक. भाऊंना एकही फोटो नको होता, स्वतःचासुद्धा. फक्त एक बंद दार, त्याखाली 'दाराच्या आत सरकारचं काय काम?' आणि फोन नंबर. मी परोपरीने समजावलं, ऐकलं नाही. पुढचे आठ-दहा दिवस लोकांनी फोन करून दाराचा भाव विचारला. सागवानी आहे का, फिटिंग धरून केवढ्याला. भाऊ प्रत्येकाला शांतपणे सांगत की दार विकायचं नाही, आणि मग पक्षाची माहिती देत. एका सुताराने तर ती पूर्ण ऐकून घेतली म्हणे.

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, असं मी एकदाच विचारलं होतं. भाऊंनी काउंटरवरची कात्रणं गोळा करून एका बाजूला लावली. मग म्हणाले, मूर्तिजापूरच्या अलीकडे एकदा त्यांची गाडी जीप आडवी लावून थांबवली होती. जीपमधली माणसं वर चढली. मागच्या सीटवर घरातून पळालेले एक पोरगा आणि पोरगी होते; ती माणसं पोरीचे सख्खे भाऊ, दोघांना खाली ओढू लागले. पोरीने दांडी घट्ट धरली होती आणि ती भाऊंकडे पाहत होती. "गाडीचा टाइम होऊन राह्यला व्हता," ते म्हणाले. "म्या डबल बेल मारली." तिचं पुढे काय झालं ते त्यांना कधीच कळलं नाही. त्यानंतर मी त्या पक्षाची टिंगल केली नाही, आणि दुसऱ्या कोणाला दुकानात करू दिली नाही.

वहिनींचं मात्र वेगळं होतं. त्या तिवशाकडच्या माळ्यांच्या घरातल्या. देवळासमोर त्यांचं हारफुलांचं दुकान. नवरा असल्या पक्षात गेल्यावर देवळात येणाऱ्या बाया त्यांच्याकडून हार घेईनाशा झाल्या, शेजारच्या दुकानात जाऊ लागल्या. त्यातच अकोल्याहून बदलून आलेले दोन मित्र खोलीसाठी वणवण फिरत होते. दोघं कोण, एकमेकांचे काय लागतात, हे कळलं की घरमालक 'खोली आधीच गेली' असं सांगून मोकळे होत. भाऊंनी त्यांना आपल्याच घराची वरची खोली दिली. त्या दिवशी वहिनींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. "साऱ्या गावाच्या पोरायचं भलं करा, अन माह्या दुकानाचं वाटोळं करा." भाऊ खाली मान घालून ऐकत होते. फुलांच्या टोपल्या उचलून दुकानापर्यंत पोचवायचं काम मात्र त्यांनी एक दिवस चुकवलं नाही.

मग विधानसभेची निवडणूक आली आणि पक्षाने भाऊंना उभं केलं. दुसरं होतंच कोण? वहिनी प्रचाराला एक दिवस आल्या नाहीत. मतदानाच्या सकाळी दोघं एकाच स्कूटरवर शाळेत गेले, बायांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या रांगांत उभे राहिले आणि एकाच स्कूटरवर परत आले.

निकाल काय लागला ते सांगायला नको. 'नोटा'च्या बटनाला भाऊंपेक्षा कितीतरी जास्त मतं. पण मोजणीत प्रत्येक मशीनचा आकडा वाचून दाखवतात, आणि भाऊ स्वतः तिथे बसले होते. त्यांच्या घराच्या बूथवर त्यांना दोन मतं होती, आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा साऱ्या गल्लीला कळला. एक त्यांचं स्वतःचं. दुसरं कोणाचं?

हा प्रश्न त्यांनी माझ्या दुकानात आणून ठेवला आणि रोज त्याच्यावर बसू लागले. वरच्या मजल्यावरच्या त्या दोघांचं नाव अजून अकोल्याच्या यादीत, म्हणजे ते नव्हेत. माझं मत बडनेऱ्यात. भाऊंनी गल्लीतलं एकेक घर मनातल्या मनात तपासलं. ज्या घरावर येऊन थांबायचं ते घर त्यांचंच होतं, आणि तिथे ते थांबायला घाबरत होते.

शेवटी वैतागून मी म्हटलं, वहिनींना विचारून मोकळे का होत नाही?

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दुसऱ्याच्या गल्ल्यात हात घालायला सांगितलं होतं. "मत पडद्याआडचं असते. नवरा हाय म्हणून का मी पडदा सारू?"

"सहज विचारायचं."

"मंग बागेतल्या पोलिसात अन माह्यात का फरक राह्यला?"

मी मशीनकडे वळलो. थोड्या वेळाने ते मागून हळूच म्हणाले, "तिचं असलं ना, त मी जितलो, बाप्पा."

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. साऱ्या जगाशी भांडेल, आणि घरातला एक शब्द कानावर पडावा म्हणून दारात ताटकळत राहील. भाऊ त्यानंतर वहिनींना गुडघ्याचं विचारत, झेंडूच्या भावाचं विचारत, माहेरच्या माणसांचं विचारत. ते एवढं सोडून सगळं विचारत. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि गदागदा हलवावंसंही वाटायचं.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात भाऊ गेले. छातीत दुखतं म्हणून ऑटोत बसले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. पक्षाचं जिल्ह्यातलं कामही तिथेच थांबलं.

काही महिन्यांनी मी देवळासमोरून जात होतो. वहिनी दुकानात एकट्या हार ओवत बसल्या होत्या. मी गाडी लावली, फुलं घेतली, तरी पाय निघेना. म्हटलं, वहिनी, एक विचारायचं होतं.

"मताचं ना?" त्यांनी मान वर न करता म्हटलं. "माहंच व्हतं."

मी तिथेच पायरीवर बसलो. म्हटलं, तुम्ही त्यांना एका शब्दाने सांगायचं होतंत, वहिनी. फार वाट पाहत होते ते.

"कोन्त्या तोंडानं सांगू? एवढी भांडली व्हती मी त्या पार्टीपायी. वरचे ते दोघं जन, किती साधे लेकरं. त्यायच्याकडे पाहूनच बटन दाबलं म्या." सुईवरून एक फूल खाली घसरलं. "यायनं इचारलं असतं त सांगतलं असतं. मले रोज वाटे, आज इचारतीन. सकाळी चहा देतानी मी उगीच जराशी उभी राहो. ते कप घेत, माह्याकडे पाहत, अन म्हनत, साखर बराबर हाय."