बाईंच्या तोंडचा आवाज

वाचनाच्या बाई आमच्या मुलीच्या शाळेत लागल्या, त्याआधी त्या काय करत होत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणायच्या, "कुठेतरी नोकरीत होत्या म्हणे." खुद्द बाईंना विचारलं की त्या हसून चष्मा पुसत बसायच्या. दिसायला अगदी साध्या. करडी शाल, चापूनचोपून बांधलेले पांढरे केस, पायांत रबरी तळाचे बूट. जिना चढून दारात उभ्या राहिल्या तरी चाहूल लागत नसे. पण गोष्ट वाचायला लागल्या की कोल्हा, दरोडेखोर, राणी, रडकं पोर, सगळे त्या एकाच तोंडातून बाहेर पडत.

आमची पिटुकली बोलताना अडखळते. स्वतःचं नाव सांगायचं तरी घामाघूम होते. मुलं तिला "अडकलेली तबकडी" म्हणायची. देवाजवळ माझं मागणं एकच होतं, पोरीची जीभ मोकळी कर रे बाबा. म्हणून बाई आपणहून म्हणाल्या, "मी घरी येऊन शिकवीन," तेव्हा मला वाटलं, देवानंच धाडलं यांना.

त्यांची पद्धत मात्र निराळी. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये फळ्यांची भिंत आहे. पिटुकलीला तिच्या पलीकडे बसवायच्या आणि स्वतः अलीकडे, भिंतीला तोंड लावून.

"समोर माणूस दिसलं की जीभ भिते," त्या म्हणायच्या. "भिंतीशी बोल. आणि तुझ्या आवाजात नको, माझ्या दरोडेखोराच्या आवाजात."

आणि पिटुकली दरोडेखोर होऊन घडाघडा बोलायची! हे ऑफिसातून आले की म्हणायचे, "आता रेडिओ विकून टाकूया." मी मनातल्या मनात देवाला हात जोडायची.

घरात आमचे थोरले दीरही राहतात, दादा. लग्न केलं नाही. तरुणपणी त्यांना चौकशीला म्हणून उचलून नेलं होतं, काही महिने कोंडून ठेवलं होतं. तिथे त्यांना म्हणे शेजारच्या खोलीतून आईच्या किंकाळ्या ऐकू यायच्या. तिला सोडवायला त्यांनी आपल्या जिवलग मित्राचं नाव सांगून टाकलं. तो मित्र पुन्हा कधी दिसला नाही. आणि सासूबाईंना तर त्या सगळ्या दिवसांत कुणी बोटही लावलं नव्हतं! तेव्हापासून सगळे धरून चालले की दादांच्या डोक्यावर परिणाम झालाय. तेही पुढे तसंच म्हणू लागले.

शिकवणीच्या वेळी ते फिरायला जात. त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून घरीच, पिटुकली बसते त्या खोलीत कॉटवर पडले होते. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. बाईंनी नवी गोष्ट काढली. त्यातली म्हातारी मुलाला हाक मारते.

"बाळा, अरे, दार उघड ना रे. मला इथे एकटीला ठेवू नकोस."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तो आवाज सासूबाईंचा होता. बसका, "रे" लांबवणारा, मध्येच श्वास ओढणारा. पिटुकलीच्या जन्माआधीच त्या गेल्या.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून पिटुकलीनं तेच वाक्य म्हटलं. त्याच आवाजात. एकदाही न अडखळता.

मी धावले. दादा कॉटखाली शिरले होते, दोन्ही कानांवर हात, कपाळ फरशीवर टेकलेलं.

"सांगतो! सांगतो! तिला मारू नका हो, म्हातारी आहे ती!" आणि त्यांनी त्या मित्राचं नाव घेतलं. पुन्हा पुन्हा घेत राहिले.

मी पिटुकलीला ओढून पोटाशी धरलं. बाई जागच्या हलल्या नव्हत्या.

मला एकदम सासूबाई सांगायच्या ते आठवलं. मुलाला सोडा म्हणून त्या रोज, दादांना कोंडलं होतं तिथल्या फाटकाशी जायच्या. तिथे खिडकीत एक तरुण मुलगी बसायची. फार मायाळू. पाणी द्यायची, तासन्‌तास बोलतं करायची. काय म्हणून हाक मारता मुलाला, रागावलात की कशा बोलता, सगळं विचारायची. "लेकीसारखी वाटायची गं," सासूबाई म्हणायच्या.

मी विचारलं, "बाई, हा आवाज तुम्ही कुठून आणला?"

त्यांनी चष्मा काढला. "आठवत नाही. पुष्कळ आहेत असे. मी भिंतीच्या अलीकडे असायचे, पलीकडचं माणूस मला कधी दिसलंच नाही."

"आता बघा की! कॉटखाली आहे."

त्यांनी बघितलं नाही. शाल सावरली. दारात थांबून म्हणाल्या, "पोरीचा कान फार चांगला आहे. आणखी थोडे दिवस द्या मला. कुठे म्हणून अडायची नाही."

खरंच सांगते, क्षणभर मला मोह झाला. मग म्हटलं, "अडू दे तिला. तुम्ही पुन्हा जिना चढू नका."

त्या गेल्या, तेव्हाही पावलं वाजली नाहीत. शाळेतूनही त्या गेल्या; कुठे, ते कुणी सांगत नाही.

दादांना मी हळूहळू सगळं समजावलं, की तुम्हाला वेड लागलेलं नव्हतं, तुम्ही ऐकलंत ते खरंच ऐकलंत. ते म्हणाले, "वेडा होतो तेच बरं होतं गं." तेव्हापासून ते त्या फळ्यांच्या भिंतीकडे पाठ करून बसत नाहीत.

पिटुकली माझ्यावर रुसली आहे. "म-म-मला ब-बाई हव्यात," म्हणते. शाळेत पुन्हा चिडवतात.

पण कधीकधी भर दुपारी न्हाणीघराचं दार लावून ती आत काहीतरी बोलत असते. अगदी स्वच्छ, घडाघडा, श्वास ओढत. मी देवाचं नाव घेत दारावर थाप मारते, तिला हाक मारते, पुन्हा मारते. आतला आवाज थांबतो. आणि "क-क-काय गं, आई?" असं ऐकू येईपर्यंत मी तिथून हलत नाही.