विकलेल्या पिकअपच्या खोडी

आधीच सांगतो, माझ्या गाडीला लिंबू-मिरची नाही. कधीच नव्हती. आमच्या आजोबांनी अंगारे, गंडे, ताईत सगळं एका दिवसात घराबाहेर काढलं होतं. वडील म्हणायचे, ज्याचं कारण सापडत नाही त्याचं कारण अजून कुणी शोधलेलं नसतं, एवढंच. मीही तसाच वाढलो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते... पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी कारण ठाऊक असेल, म्हणून लिहितोय. एकच विनंती. ‘तुम्हाला साडूचा हेवा वाटत होता’ हे उत्तर देऊ नका. वाटत होता. ते कबूल करूनच बसलोय.

मी मुदखेडचा. आमच्याकडे फुलं पिकतात. गुलाब, झेंडू, मोगरा. ती पिकअपमध्ये भरून नांदेडला, सणासुदीला लातूरला पोहोचवायची, हा माझा धंदा. आठ वर्षं एकच गाडी चालवली. तिच्या खोडी मला पाठ होत्या. डिझेल प्यायची नुसती, लिटरला नऊच्या वर कधी गेली नाही. साठच्या पुढं काटा गेला की डावीकडं ओढायची. डावं मागचं चाक तापायचं. आणि मीटरच्या मागून एक आवाज यायचा — टिक, टिक-टिक, मग जरा थांबून परत टिक. फक्त चाळीस ते पन्नासच्या मध्ये. कितीतरी मिस्त्रींना दाखवलं, कुणाला सापडला नाही.

दीड वर्षापूर्वी मी नवी पिकअप घेतली आणि जुनी साडूला दिली. साडू म्हणजे मिलिंद. माझ्या बायकोची, संगीताची, धाकटी बहीण वैशाली त्याला दिलीय. राहतो रेणापूरला. लातूरच्या डाळ मिलमधून डाळीचे कट्टे, म्हणजे पोती, भरायचे आणि नांदेडच्या दुकानांना टाकायचे, हे काम त्यानं नवीन सुरू केलं होतं. गाडी देताना मनात म्हटलं, आता कळेल याला हायवे काय असतो ते.

दोन आठवड्यांनी त्याचा पहिला फोटो आला व्हॉट्सॲपवर. डावं मागचं चाक खोललेलं. खाली लिहिलं होतं, ‘दादा, ब्रेक चिकटत होता. ड्रम साफ केला, सामान बदललं. चाक आता गार.’

मी अंगठा पाठवला. त्याच दिवशी नांदेडहून परत येताना मुगटच्या जवळ जळाल्यासारखा वास आला. उतरून बघतो तर माझ्या नव्या गाडीचं डावं मागचं चाक तव्यासारखं तापलेलं.

योगायोग. मीही तेच म्हटलं.

मिलिंद आयटीआय केलेला आहे. त्याचं काम एकेक करत चाललेलं. चारी टायर एका कंपनीचे केले. भरल्यावर किती हवा, रिकामी असताना किती, हे खडूनं मागच्या फाळक्याच्या आतून लिहून ठेवलं. स्प्रिंगच्या पाट्यांचे झिजलेले बुश बदलले, अलाइनमेंट केली. फोटो आला, ‘दादा, सत्तरला हात सोडला तरी सरळ.’ आणि दुसऱ्या दिवसापासून माझी गाडी साठच्या पुढं डावीकडं ओढायला लागली.

नांदेडला माझे एक मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी अलाइनमेंट बघितली, चाकं अदलाबदल करून बघितली, स्वतः चालवून आले. म्हणाले, “बेटा, गाडीत कायबी खराबी न्हाई. सगळं बरोबर हाय. पर वढतीय, हे बी खरं हाय.”

मग मिलिंदनं केबिनवरचा लोखंडी कॅरियर कापून काढला. म्हणे हवेला अडतो, फुकट डिझेल जातं. ताडपत्री फुग्यासारखी फुगू नये म्हणून दोरीचे जास्तीचे फेरे देऊन घट्ट आवळायला लागला. साठ-पासष्टच्या वर जायचंच नाही असं ठरवलं. त्याची जुनी गाडी लिटरला तेराच्या पुढं गेली. आणि माझी? माझ्या गाडीवर कॅरियर नव्हताच कधी. तरी त्या आठवड्यात, झाडाचं पान हलत नव्हतं अशा दुपारी, लोह्याच्या रस्त्यावर गाडी अशी चालत होती की समोरून कुणीतरी तळहात लावून धरलाय. लिटरला चौदा देणारी गाडी बारावर आली. मग अकरा. मग नऊ.

या सगळ्यात मला भीती वाटली नाही हे सांगितलं पाहिजे. मला राग येत होता. माझ्याच गाडीत, माझ्याच आठ वर्षांच्या गाडीत, या माणसाला चार महिन्यांत काय सापडलं जे मला सापडलं नाही? नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तो भेटायचा, बोनेटवर हात ठेवून हसत उभा असायचा. लोक विचारायचे, “ही तीच का हो तुमची?” मी म्हणायचो, “हाव, तीच.” घरी येऊन संगीतावर विनाकारण चिडायचो.

ज्या दिवशी घाबरलो तो दिवस वेगळा. मिलिंदचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. “दादा, ती टिकटिक! सापडली! मीटरच्या मागं एक पत्रा सुटला होता. पुठ्ठ्याची घडी घालून दाबली, झाली बंद!” त्या संध्याकाळी बाजारातून येताना माझ्या गाडीचा काटा चाळीसच्या पुढं गेला आणि मीटरच्या मागून आवाज आला. टिक. टिक-टिक. मग जरा थांबून, टिक.

गाडी बाजूला घेतली. मोबाइल काढून त्याचे सगळे फोटो परत बघितले, तारखेसकट. आणि चाचांकडं मी कधी कधी गेलो ते आठवून लावून बघितलं. एकही तारीख चुकली नाही. तो जे काढत होता ते माझ्याकडं येत होतं.

कुणाला सांगणार? गुरुजींना? आमचे सासरे बिलोलीला असतात, शाळेतून रिटायर झालेत, अशी गोष्ट ऐकून त्यांनी मला दारातच उभं केलं असतं.

यंदा उन्हाळ्यात मिलिंदनं रेणापूरला घर बांधलं. गृहप्रवेशाला बुद्धवंदनेचा कार्यक्रम ठेवला. गुरुजींना आणि तिकडचं सामान न्यायला आम्ही सगळे आदल्या दिवशी बिलोलीला जमलो, सकाळी दोन गाड्यांनी निघायचं होतं. जेवण झाल्यावर गुरुजी अंगणात खुर्ची टाकून बसले आणि मिलिंदचं कौतुक सुरू झालं. घर झालं, धंदा बसला, गाडी कशी नवीन केली. मी म्हटलं, “गुरुजी, सकाळी तुम्ही माझ्या गाडीत बसा, नवी हाय.”

“नको,” गुरुजी म्हणाले. “तुमची लई हादरतीय. माझ्या कमरेला सोसत न्हाई. मी आपला मिलिंदरावांच्या गाडीत बसतो.”

वैशाली हसली. कुणीच वाईट हेतूनं बोललं नव्हतं. पण मला ते झोंबलं.

आणि त्याच वेळी मिलिंद माझ्याजवळ येऊन बसला. “दादा, एक विचारू? तुमच्याइतकी ही गाडी कुणी चालवली न्हाई. अजून काय खोड राह्यलीय का तिच्यात? माझ्या नजरेतून सुटलेली?”

होती. आठ वर्षांत तीनदा असं झालं होतं की उतारावर ब्रेक दाबला आणि पॅडल हळूच तळाला जाऊन बसलं. काही म्हणजे काही लागलं नाही. दोन-तीनदा दाबल्यावर परत आलं. तिन्ही वेळा रस्ता मोकळा होता म्हणून वाचलो. विकताना मी हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गाडी गेली नसती.

“न्हाई,” मी म्हटलं. “आता काय राह्यलंय?”

का म्हटलं? सांगितलं तर तो दुरुस्त करणार आणि ती खोड माझ्याकडं येणार, ही भीती होतीच. पण तेवढंच नव्हतं. कुठंतरी वाटत होतं की एकदा तरी त्यानं रस्त्याच्या कडेला तोंड पाडून उभं राहावं. गुरुजींच्या समोर. मोठं काही व्हावं असं नाही हो... फक्त एकदा.

सकाळी निघालो. पुढं जुनी गाडी, तिच्यात मिलिंद, गुरुजी, वैशाली आणि तिच्या मांडीवर सहा वर्षांची परी. मागं मी आणि संगीता. दोन्ही गाड्यांच्या मागच्या हौद्यांत सामान. नरसी गेलं, मुखेड गेलं. मुखेडच्या पुढं चढउतार सुरू होतात. जुनी गाडी रुळावरून चालल्यासारखी चालली होती. माझी डावीकडं ओढत, हेलकावे खात तिच्या मागं. परी मधूनच मागच्या काचेतून आम्हाला हात करायची.

रस्ता खराब होता म्हणून वेग कमी केला. काटा पन्नासच्या खाली आला आणि आवाज सुरू झाला. संगीता खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं मान वळवली.

“ओ,” ती म्हणाली, “ही तर आपल्या जुन्या गाडीसारखीच वाजायलीय की.”

मी तिला एक शब्द बोललो नव्हतो. कधीच.  तोपर्यंत मनात एक पळवाट होती, की हे सगळं माझ्याच डोक्यात आहे. ती बंद झाली. म्हणजे खोडी खऱ्या आहेत. म्हणजे ती शेवटचीही खरी आहे, आणि ती अजून पुढच्या गाडीत आहे.

समोर चढ संपत होता. पलीकडचा उतार मला माहीत होता, खाली वळण आणि वळणावर पूल. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. लाइट मारले. मिलिंदला वाटलं पुढं जायचंय, त्यानं बाजू दिली. मी पुढं जाऊन गाडी आडवी लावली.

तो उतरून आला. “काय झालं, दादा?”

मी सगळं सांगितलं. खोडी माझ्या गाडीत येतात ते नाही, ब्रेकचं. तीनदा झालेलं. विकताना लपवलेलं, काल रात्री विचारल्यावर परत लपवलेलं.

मिलिंदनं वळून गाडीकडं बघितलं. मग इतकंच म्हणाला, “माझी पोरगी बसलीय ना हो आत.”

वैशालीनं उघड्या खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ती परीला घेऊन खाली उतरली आणि उतार संपेपर्यंत पायी चालली, ऊन डोक्यावर असताना. गुरुजीही उतरले. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मिलिंदनं एकट्यानं, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक धरून गाडी खाली आणली.

जांबला एक मिस्त्री मिळाला. त्यानं ब्रेकचा मास्टर सिलिंडर खोलला, आतला रबर बोटावर घेऊन दाखवला. कडा पूर्ण फाटलेली. नवीन बसवायला घेतला.

मी माझ्या गाडीत जाऊन बसलो. इंजिन चालू केलं, हँडब्रेक ओढला, पाय ब्रेकवर ठेवला. पॅडल घट्ट होतं, दगडासारखं. संगीता खिडकीशी येऊन उभी राहिली. “काय करायलाव?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “गप ऱ्हा जरा.”

तिकडं मिस्त्रीनं शेवटचा नट आवळला. ब्रेकमधली हवा काढली. मिलिंदला म्हणाला, “बघा दाबून.” मिलिंदनं दाबलं. “पक्का!” मिस्त्री ओरडला.

आणि माझा पाय खाली जायला लागला. मी जोर दिला नव्हता. पॅडल हळूहळू, पाण्यात बुडाल्यासारखं, खाली गेलं आणि तळाला टेकलं. संगीतानं ते बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर पदर धरला.

मी मिस्त्रीला हाक मारली. तो येईपर्यंत पॅडल वर आलेलं, घट्ट. तरी खोलायला लावलं. आतला रबर नवा कोरा. कुठं गळती नाही, काही नाही. तो माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत राहिला.

त्यानंतर ते पॅडल परत कधी तळाला गेलं नाही. पण बाकी सगळं आहे. गाडी ओढते, टिकटिकते, लिटरला नऊच्या वर जात नाही. चाचांनी हात टेकले. मी पन्नासच्या वर चालवत नाही आणि उताराच्या आधीच गिअर पाडतो. मी दारात गेलो तर वैशाली पाणी देते, दाजी म्हणते, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. ते कारण मला कळतं. बाकीचं कळत नाही. एका गाडीतून काढलेली खोड शे-दीडशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या गाडीत कशी जाते, आणि खोलून बघितल्यावर काहीच कसं सापडत नाही, याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

परवा मिलिंदचा फोन आला होता. बऱ्याच दिवसांनी. म्हणाला, “दादा, नवीन गाडी बुक केली. मोठी. जुनी तुम्हाला परत पाहिजे का? आता अव्वल हाय, तुम्हाला ठाऊकच हाय.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो. अभिनंदनही केलं. आणि खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो... ‘मोठी’ हा शब्द ऐकल्याबरोबर छातीत परत तीच आग उठली. अगदी तशीच, बिलोलीच्या अंगणात उठली होती तशी. आणि जांबला तळाला गेलेलं पॅडल आठवलं.

फोन ठेवला आणि संगीताला सांगितलं, आज फुलं दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत पाठवू. आपली काढायची न्हाई.