देवमाशाचं कोकरू

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जहाजावर होतो. गावी, येडशीला पोचेपर्यंत त्यांचं तेरावंही उरकलं होतं. मला त्यांच्यापाशी एक खोटं कबूल करायचं होतं, ते राहूनच गेलं…

मामा धनगर. जन्मात समुद्र पाहिला नाही, पण माझ्या नोकरीबद्दल सल्ले द्यायला त्यांचं कधी अडलं नाही. मागे एका सुट्टीत त्यांना मी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून थांबलं असताना मीच काढलेला. देवमाशाची मादी, तिचं पिल्लू आणि भोवती काळेपांढरे ओर्का. तिच्यापुढं किरकोळ, पण टोळीनं शिकार करणारे. मादी पिल्लाला पाठीवर उचलून धरत होती. दोन ओर्का तिला समोरून डिवचत होते, बाकीचे पिल्लावर चढून त्याला बुडवायला बघत होते. श्वास घेऊ देत नव्हते.

"म्होरच्या दोघांवर धावू नगं म्हनावं तिला," मामा पुटपुटले. "लांडगे कुत्र्याला असंच लांब नेत्यात." मग माझ्यावरच चिडले, "कोकराला संगं आणलंच कशाला? वाघरीत ठिवायचं की." वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. मेंढ्या चरायला गेल्या की कोकरं दिवसभर त्यात ठेवायची, ही त्यांची रीत.

"समुद्रात वाघर कुठं लावणार, मामा?" मी हसलो. ते हसले नाहीत.

मादी वळली. समोरच्या दोघांवर धावली. पाणी ढवळून निघालं आणि व्हिडिओ संपला. पुढचं शूट करवेना, म्हणून मी मोबाइल खिशात घातला होता.

"मग?" मामांच्या कपाळावर घाम होता.

"सुटलं पिल्लू," मी म्हणालो.

खरं तर मादी एकटीच वर आली होती. तासभर तिथंच घिरट्या घालत राहिली. मामा मात्र रानात भेटेल त्याला ही गोष्ट सांगत, पिल्लू सुटल्याच्या शेवटासकट. दर सुट्टीत वाटायचं, खरं सांगून टाकावं. पण त्यांचा चेहरा बघून धीर व्हायचा नाही.

परवा मामींना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"त्येंला ठाव होतं," त्या म्हणाल्या. "आई धावली तवाच ग्येलं म्हनले. पर भाच्याला बोलू नगं. त्येला तिथं एकल्यानं बघावं लागलंय म्हनले."

मी उठून आतल्या खोलीत मामांच्या बाजेवर जाऊन बसलो. उशाला त्यांची घोंगडी होती. तिला अजून मेंढरांचा वास येत होता. तिच्यात तोंड खुपसून मी रडलो.