शिशातली काडी

डॉक्टरांनी बुधवारी स्पष्ट सांगितलं. सोमवारपर्यंत बाबांच्या पोटात तोंडाने काही गेलं नाही, तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची. बाबा म्हणाले, नळी नको. मी म्हणाले, मग खा. मी काही शांत बाई नाही. शाळेत पोरं मला वचकून असतात आणि घरात बाबा सोडून सगळे.

अन्ननलिकेतल्या गाठीने त्यांना तीन महिन्यांत अर्धं केलं होतं. मी सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन पलंगाशी उभी राहायचे. पेज, डाळीचं पाणी, नाचणीची आंबील. बाबा दोन चमचे घ्यायचे आणि त्यातलं निम्मं रुमालात यायचं. काय खाल, काय आणू, असा मी धोशा लावला होता. शेवटी ते म्हणाले, "मरळ आण. बाजारातली पोसलेली नको, ती मला कळते. दारणेच्या पाण्यातली, गळाला लागलेली आण."

मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आजारी माणसाला मरळीचा रस्सा द्यावा, त्याने ताकद येते, हे आमच्याकडे सगळेच मानतात. आणि बाबांनी स्वतःहून काही मागितलं होतं. अडचण एकच होती, मी आयुष्यात मासा धरला नव्हता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला लागल्यापासून बाबा दर रविवारी घोटीच्या बाजूला दारणा धरणाच्या फुगवट्यावर जायचे. मी फक्त डबा भरून द्यायचे, आणि आणलेले मासे साफ करताना कुरकुरायचे.

त्यांची गळाची काठी आणि पेटी मी माळ्यावरून काढली. पेटीत भावाने परदेशातून पाठवलेली रबरी गांडुळं होती, जांभळी, चमकीवाली. गुडघे गेल्यावर खरी गांडुळं खणणं बाबांना जमेना, म्हणून ही सोय. आधी त्यांनी या गांडुळांची भरपूर टिंगल केली आणि मग त्यांच्याच प्रेमात पडले. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी मला बांधायला शिकवलं. दोरीत आधी शिशाची भोकवाली गोळी ओवायची, मग टोकाला गळ बांधायचा, गळावर गांडूळ चढवायचं. गोळीच्या भोकात आगपेटीची काडी खुपसली की शिसं गांडुळाच्या डोक्याशी पक्कं बसतं. काडी नसेल तर ते दोरीवर मोकळं फिरतं. काडी कधी घालायची हे मी विचारलं, तर म्हणाले, "गवतात मोकळं सोड. काडी घालू नको."

गुरुवारी शाळेत रजा टाकली आणि उजाडायच्या आत स्कूटर काढली. फुगवट्याच्या कडेला पाणगवत दाट होतं आणि मरळ गवतातच असते, एवढं मला माहीत होतं. गळ टाकला की शिसं खाली तळाला जायचं आणि गांडूळ वर गवताच्या पात्याला लोंबकळत राहायचं. ओढलं की शेवाळाचा लगदा हातात. दुपारपर्यंत मी तीन गळ तोडले. घरी आले तेव्हा बाबांनी डोळ्यांनीच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, उद्या बघू.

शुक्रवारी त्यांनी सल्ला बदलला. गवत सोड, म्हणाले, बांधाजवळच्या उघड्या पाण्यात टाक आणि काडी घट्ट ठोक. तसं केलं. दोनदा दोरीला टकटक झाली आणि सुटली. तिसऱ्यांदा मासा खरंच लागला. पाण्याबाहेर उसळला, एवढं जाड काळं डोकं मी स्वतः पाहिलं, त्याने एक झटका दिला आणि दोरी सैल पडली. मी काठावर बसून त्या माशाला, देवाला आणि परदेशातल्या भावाला तोंडाला येईल ते बोलले. दोन दिवस उरले होते आणि बाबांचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं.

शनिवारी काडी काढून परत गवताशी माझी झटापट चालली असताना एक म्हातारा कोळी होडी ओढत आला. थोडा वेळ त्याने गंमत बघितली. मग दोरी हातात घेऊन शिसं खालीवर सरकवून पाहिलं. काल उघड्या पाण्यात काडी ठोकली होती, तेही मी त्याला सांगितलं.

"बाई, हे कोनी शिकवलं तुमाला?" तो म्हणाला. "समदं उलटं हाय. गवतात शिसं बांधायचं, म्हंजी दोघं संगं खाली जात्यात. मोकळ्या पान्यात सोडायचं, म्हंजी माशाला वजन कळत नाय. बांधलं तर झटका मारून गळ काढून टाकतो ना तो."

त्याने दातांनी काडी तोडून भोकात बसवली. चौथ्या-पाचव्या फेकीला मरळ लागली. दीड किलोची तरी असेल. मी तिला गवतासकट ओढत काठावर आणलं, आणि म्हातारा हसतच निघून गेला.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिरलं. चाळीस वर्षं मासे धरणारा माणूस हे उलटं कसं सांगेल? आजार डोक्यात गेला असेल, असं वाटून मी स्कूटर जोरात पळवली. बादली पलंगाशी ठेवली. बाबांनी वाकून मरळ पाहिली. मला वाटलं होतं, चेहरा उजळेल. त्यांचा चेहरा उतरला.

मी बादली उचलून आत नेली. रस्सा केला, तिखट अगदी नावाला घातलं, दोनदा गाळला. पहिला चमचा त्यांनी डोळे मिटून तोंडात घेतला. गिळायचा प्रयत्न करताना मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मग सगळं परत आलं, नाकातूनही. खोकला थांबायला बराच वेळ लागला. मी पाठ चोळत राहिले आणि घाबरून, चिडून म्हणाले की मला कोळ्याने सांगितलं सगळं, तुम्ही विसरलात की काय?

"गवतात शिसं बांधतात, हे मी कसा विसरेन ग," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "मासा मिळेपर्यंत तू वाटी घेऊन समोर उभी राहणार नाहीस, म्हणून पाठवलं. पाणीसुद्धा उतरत नाही आता. तुला सांगवत नव्हतं."

मी त्यांची हनुवटी पुसली. वाटी उचलून बाहेर नेली आणि मोरीशी तशीच उभी राहिले. तीन महिने मी रोज विचारत होते, काय खाल. गिळताना दुखतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं.